झरीच्या घोंगडीवरचं रंगून

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. रंगाने काळी, अंगाने जाड आणि बसणाऱ्याला जराशी टोचणारी. मऊ गाद्यांची सवय झालेल्या पोरांनी मला पाहून नाक मुरडलं, तर मला त्याचं नवल वाटत नाही. पण आधी एवढं ऐका. माझ्या अंगावरून एकदा अख्खी फौज चालून गेली आहे. माझ्यावर विमानांनी घिरट्या घातल्या आहेत, जहाजं पुढे सरकली आहेत आणि रंगून नावाचं मोठं शहर एका दिवसात माझ्या कोपऱ्यात जिंकलं गेलं आहे. हे सगळं घडलं परभणीजवळच्या झरी गावात, जिथल्या एक सोडून बाकी सगळ्या माणसांनी समुद्र नुसता ऐकला होता.

माझा जन्म कोंडाबाईच्या हातचा. कोंडाबाई धनगरीण. नवरा लवकर गेला, तेव्हा पदरात एक मुलगा आणि तीस-चाळीस मेंढरं होती. कोकरांची पहिल्यांदा कातरलेली लोकर, जिला जावळ म्हणतात, ती तिने दोन वर्षं साठवली. मेंढरांमागे चालता चालता हातातल्या चातीवर तिचं सूत काढलं. पाथरीच्या विणकऱ्याने मला मागावर घेतलं, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं आणि एका टोकाला, वीतभर आत, पांढरा काठ दिला. कोंडाबाई मला डोक्यावर घेऊन घरी आली, तेव्हा वाटेत दोघांनी थांबून माझ्यावरून हात फिरवला. मी थोडी गर्विष्ठ आहे, ती त्या दिवसापासून.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्या भागातल्या धनगरांत एक रीत होती. पंच बसायचे ते घोंगडीवर, पायताण बाहेर काढून. आणि घोंगडीवर बसलेल्या माणसाने खोटं बोलायचं नाही. ज्याला खोटंच बोलायचं असेल, त्याने आधी उठावं, जमिनीवर उभं राहावं आणि मग खुशाल बोलावं. या रीतीचा मान आसपासच्या गावांतले इतर लोकही ठेवत.

कोंडाबाईचा थोरला भाऊ चंद्रभान ही रीत सगळ्यात काटेकोर पाळायचा. तो पहिल्या महायुद्धात समुद्रापार बसऱ्याला जाऊन आला होता आणि तिथून एक लंगडा पाय व पोतंभर गोष्टी घेऊन आला होता. गोष्ट सांगताना तो बसलेला असे, तोवर ऐकणारे गंभीर असत. पण मध्येच तो गुडघ्यावर हात टेकून उठला की लोक एकमेकांना कोपरखळ्या मारू लागत. चंद्रभान उभा राहून सांगे, "दर्यात म्या एक मासा बगितला. बैलाएवढा. त्याला शिंगंबी होती." सांगून झालं की तो पुन्हा शांतपणे माझ्यावर येऊन बसे. त्याला लबाड म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तो रीतीला धरून होता.

कोंडाबाईचा मुलगा मुंजाजी. एकोणीस वर्षांचा झाला आणि परभणीच्या बाजारात मेंढे विकायला म्हणून गेला, तो पलटणीत नाव घालून परत आला. त्या वेळी दुसरं महायुद्ध चालू होतं. कोंडाबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भाकरी बांधून दिल्या आणि मला त्याच्यापुढे धरलं. "थंडी वाजंल. घेऊन जा." पण पलटणीत स्वतःचं अंथरूण चालत नाही, असं त्याने सांगितलं आणि मी घरीच राहिले. खरं सांगू? मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

पत्रं यायची, पण अर्धी काळ्या शाईने पुसलेली. पंचेचाळीस सालच्या फाल्गुनात आलेल्या पत्रात फक्त तीन ओळी शिल्लक होत्या. मी खुशाल आहे. ताडकळसचा सटवाजी सोबतीला आहे, आम्ही एकाच ताटात जेवतो. आणि तिसरी ओळ अशी की, इथलं पाणी खारट हाय माय, तोंड धुतलं तर ओठावर मीठ राहतंय.

त्या तिसऱ्या ओळीवर चंद्रभान अडून बसला. "दर्याचं पाणी हाय हे. पोरगं जहाजावर चढायलंय." कोंडाबाईने विचारलं, "मुंजाला तर गुडघाभर वढ्यातबी भ्या वाटतंय. दर्यात कसं व्हायचं, दादा?" त्यावर चंद्रभान काही बोलला नाही, कारण तो माझ्यावर बसलेला होता.

गावात रेडिओ एकच, दिनकररावांचा. दिनकरराव मोठे शेतकरी, हैदराबादेत शिकून आलेले, आणि इंग्रजी बातम्या कळणारे गावातले एकटे. रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चाले आणि ती बॅटरी बैलगाडीने परभणीला नेऊन भरून आणावी लागे. कोंडाबाई रोज मला डोक्यावर घेऊन त्यांच्या ओट्यावर जायची. पहिल्याच दिवशी तिने अट घातली होती. "मालक, त्यो डबा काय बोलायलाय ते मला कळत न्हाई. तुमी सांगाल ते खरं. पर घोंगडीवर बसून सांगा." दिनकरराव हसले, पण चप्पल काढून माझ्या कडेला बसले. तेव्हापासून झरीत लढाईची खबर खुर्चीवरून कधी सांगितली गेली नाही.

आणि चंद्रभानला माझ्या पाठीवर नकाशा सापडला. तो मला पसरून काठीने दाखवायचा. "ह्यो पांढरा काठ म्हंजी किनारा. काठाच्या अल्याड जमीन, पल्याड दर्या. ह्या कोपऱ्यात रंगून." रंगून म्हणून गुळाचा खडा ठेवला. शहरापासून समुद्रापर्यंत नदी आहे, असं दिनकररावांनी सांगितलं, तर कोंडाबाईने चातीवरचं सूत तोडून तिथे अंथरलं. आपली फौज ज्वारीची. जपानी उडदाचे. जहाजं भुईमुगाच्या टरफलांची. एका टरफलात कोंडाबाईने स्वतः निवडून ज्वारीचे दोन टपोरे दाणे ठेवले. एक मुंजा आणि एक सटवाजी. सटवाजीला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण एका ताटात जेवणाऱ्याला वेगळ्या जहाजात कसं बसवायचं?

आणि मग चैत्राच्या अखेरीचा तो दिवस उगवला.

सकाळच्या बातम्या लागल्या आणि दिनकरराव कान टवकारून बसले. डोळे मोठे झाले. "रंगूनवर चाल झालीय. विमानं आलीत. नदीच्या तोंडाशी विमानातून माणसं खाली सोडलीत."

ओट्यावर एकदम गलका झाला. माणसं खाली सोडली म्हणजे काय, टाकली की काय, मग हाडं मोडली नाहीत का? सगळ्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभानच्या लढाईत असलं काही नव्हतं. तो उठून उभा राहायच्या बेतात होता, एवढ्यात दिनकरराव म्हणाले, "कापडाच्या मोठाल्या छत्र्या असतात. छत्रीला माणूस बांधलेला असतो, हळूहळू उतरतो."

कोंडाबाईने शेजारच्या गोणीत हात घातला. कापसाचे चार-पाच पुंजके घेतले, प्रत्येकात खाली एक सरकी अडकलेली. ती उभी राहिली आणि डोक्याएवढ्या उंचीवरून तिने ते सोडून दिले. सरकीचा भार खाली, कापूस वर, असे ते तरंगत तरंगत आले आणि सुताच्या नदीच्या तोंडाशी माझ्यावर उतरले. सारा ओटा श्वास रोखून पाहत होता. माझ्याही अंगावर काटा आला, आता घोंगडीच्या अंगावर आणखी काय येणार म्हणा.

"आन् उत्तरंकडून?" चंद्रभान ओरडला. "जमिनीवरची फौज कुठवर आलीय, मालक?"

"निघालीय. पण तिकडं पाऊस लागलाय. गाड्या चिखलात रुतल्यात."

चंद्रभानने वरच्या टोकाकडून ज्वारीची रांग पुढे ढकलली आणि वाटेत तांब्यातलं पाणी शिंपडून थांबवली. आता आकाशातून माणसं उतरलेली, जमिनीवरची फौज चिखलात, आणि उरला होता तो समुद्र. सगळ्यांचे डोळे काठाच्या पलीकडच्या टरफलांकडे वळले. त्या दिवशी गावाने जेवणंसुद्धा ओट्याजवळच उरकली. मेंढरं वाड्यातच ओरडत राहिली आणि कोंडाबाईला त्याचंही भान नव्हतं.

दुपारच्या बातम्यांत जहाजांची खबर आली. "नदीच्या तोंडातून नावा आत शिरायलीत. लाटा लय मोठ्या हायत म्हणं. लहान लहान नावांत माणसं उतरवून किनाऱ्याकडं न्यायलेत." दिनकरराव माझ्यावर बसूनच पण जवळजवळ उडत सांगत होते. चंद्रभान पोटावर आडवा झाला आणि एकेक टरफल बोटाने पुढे सारू लागला. "आस्ते. आस्ते चला रे." मुंजाचं जहाज काठाशी आलं. कोंडाबाईच्या हातातली चाती थांबली.

नेमकी त्याच वेळी वावटळ आली. आमच्याकडे चैत्र-वैशाखात भर दुपारी ती कुठूनही उठते. पाचोळा, धूळ आणि तापलेलं वारं घेऊन ती ओट्यावर चढली, आणि बघता बघता जहाजं उडाली, छत्र्या पुन्हा आभाळात गेल्या, उडीद आणि ज्वारी एक झाली. माझा एक कोपरा उलटून गुळाच्या रंगूनवर पडला.

वावटळ गेली, तेव्हा मुंजाचं टरफल पालथं पडलं होतं आणि आत काही नव्हतं.

चंद्रभान म्हणाला, "जाऊ दे. दुसरा दाणा ठेव की."

"न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "त्योच पायजे."

मग काय, दहा-बारा माणसं माझ्या अंगावर वाकली. दिनकररावसुद्धा चष्मा पुसून शोधायला लागले. मित्रांनो, माझी लोकर दाट आहे आणि त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला. वारं आलं, तेव्हा मी तो दाणा घट्ट धरून ठेवला होता. काठाच्या अलीकडे, चार बोटांवर, केसांत रुतलेला तो कोंडाबाईच्याच बोटांना लागला. "हा बग माजा मुंजा. जमिनीवर हाय." लोक आनंदाने ओरडले. तिने तो पदराने पुसला आणि पुन्हा टरफलात ठेवला.

दुसरा दाणा मात्र मिळाला नाही. ऊन वाढलं होतं, माणसं दमली होती. चंद्रभानने ढिगातला एक दाणा उचलून सटवाजीच्या जागी ठेवला आणि या वेळी कोंडाबाई काही बोलली नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला शेवटची बातमी होती आणि बॅटरी संपत आली होती. आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक. दिनकररावांनी कान रेडिओच्या जाळीला चिकटवला. मध्येच ते पुटपुटले, "शहर खाली हाय. जपानी आधीच निगून गेलेत. फौज आत शिरली." चंद्रभान मुठीत उडीद धरून बसला होता. त्याचं तोंड पडलं. लढायला शत्रूच नाही, आता या उडदाचं काय करायचं?

दिनकरराव अजून ऐकत होते. मग आवाज घरघरला आणि बंद पडला. त्यांनी बटणं फिरवून पाहिली, डब्यावर थाप मारली. काही उपयोग झाला नाही. त्यांनी वळून ओट्याकडे पाहिलं. साठ-सत्तर तोंडं त्यांच्याकडे लागली होती आणि अगदी पुढे कोंडाबाई. ते ताडकन उठले, ओट्याच्या फरशीवर उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "रंगून घेतलं. कोंडाबाई, तुजा मुंजा सुखरूप हाय."

काय तो जल्लोष झाला म्हणून सांगू. टोप्या, पटके हवेत गेले. कुणी हलगी आणायला पळालं. चंद्रभान एका पायावर नाचला. मला वाटलं, मीही उठून फडफडावं. पण माझ्यावर एक माणूस अजून बसलेलं होतं आणि ते हललं नाही.

"मालक," कोंडाबाई म्हणाली. "खाली बसून सांगा."

गलका हळूहळू थांबला. लोकांच्या लक्षात आलं. दिनकरराव फरशीवर उभे होते.

आता हे तुम्हीच ठरवा, ते आनंदाच्या भरात उठले की मुद्दाम. मला विचाराल तर त्यांनाही तेव्हा ते कळलं नव्हतं. त्यांनी चप्पल काढली. माझ्या कडेला येऊन बसले. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या लोकरीला लागला. "रंगून घेतलं," ते म्हणाले. "एवढं खरं हाय. किती माणसं गेली ते सांगायला लागला, तवाच बॅटरी बसली. मुंजाचं मला काई ठावं न्हाई, कोंडाबाई."

कोंडाबाईने मान हलवली. "आता खरं बोललात," ती म्हणाली. तिने टरफलातला मुंजाचा दाणा उचलून कनवटीला लावला. मग गुळाचा खडा फोडला आणि सगळ्यांच्या हातावर थोडा थोडा ठेवला. गावाने रंगून वाटून खाल्लं, पण कुणी नाचलं नाही.

त्यानंतर पावसाळा गेला. लढाई त्यातच संपली. थंडी पडून शाळू पोटरीत आला, आणि एके सकाळी परभणीच्या वाटेने पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मुंजाजी चालत आला. मी वळचणीला वाळत घातलेली होते, त्याला सगळ्यात आधी मीच पाहिलं. क्षणात वस्ती गोळा झाली. मुंजा अंगणात उभा राहून सांगू लागला. आम्ही असे उतरलो, असे धावलो, भीती कसली ती वाटली नाही. चंद्रभान ऐकत होता. उभं राहून सांगितलेल्या गोष्टी त्याच्याइतक्या कुणाला कळणार?

लोक पांगल्यावर कोंडाबाईने मला पसरलं. "बस. आता सांग, बरा हायस का?"

मुंजा बसला. बराच वेळ त्याचं बोट माझ्या काठावरून फिरत राहिलं. "न्हाई, माय," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. त्या दिवशी शहरात लढाई झालीच नव्हती. पण लाटांत त्यांची नाव कलंडली. सटवाजी पाण्यात हात मारत होता. मुंजाने नावेची कड धरली होती. "एक हात सोडला असता तर त्याला धरता आलं असतं. म्या सोडला न्हाई. लय भ्यालो होतो."

कोंडाबाईने त्याला दोष दिला नाही आणि तुझी चूक नाही असंही म्हटलं नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी फजरेला, पहाटेच, तिने मला डोक्यावर घेतलं आणि त्याला म्हणाली, "ताडकळसला जायाचं."

सटवाजीची आई बायनाबाई. सरकारी कागद तिला आधीच मिळाला होता, पण पोरगा कसा गेला ते कागदात नव्हतं. कोंडाबाईने तिच्या अंगणात मला पसरलं. तिघं बसली. मुंजाने सगळं सांगितलं, न सोडलेल्या हातासकट. बायनाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने विचारलं, "लय येळ लागला का रे त्याला?"

मित्रांनो, माणसाचं वजन बदललं की घोंगडीला आधी कळतं. मुंजाचे गुडघे उचलले गेले. तो उठत होता. उठला असता, उभा राहिला असता, आणि म्हणाला असता की नाही, अजिबात वेळ लागला नाही. कोंडाबाईने त्याला धरलं नाही, नुसतं पाहिलं. तो पुन्हा खाली बसला.

"थोडा लागला, माय."

बायनाबाईने डोळे मिटले. "काई बोलला का?"

"तुमाला हाक मारली. दोनदा."

तो बसलेला होता. बायनाबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा रडली. उभ्या माणसाने हेच सांगितलं असतं, तर त्या माउलीने ते कधी खरं मानलं नसतं. माझं सारं आयुष्य त्या एका वाक्यासाठी झालं असावं, असं मला वाटतं.

आता मी म्हातारी झाले. कसर लागून दोन ठिकाणी विरले आहे. सतरंज्या आल्या, खुर्च्या आल्या, लोक उभ्या उभ्या बोलायला लागले. माझी तक्रार नाही. वर्षातून एकदा मला उन्हात घाला, कडुलिंबाचा पाला घालून घडी करा, आणि घरात एखादी गोष्ट फारच जड झाली, तर मला खाली पसरून माझ्यावर बसा.

फक्त एक करा. मला झटकायचं झालं, तर हळू झटका. माझ्या लोकरीत खोल कुठेतरी त्या दुपारचा एक ज्वारीचा दाणा अजून आहे. तो कुणी नीट शोधला नाही. मी त्याला धरून ठेवलं आहे.